दुखऱ्या हाताची पट्टी

"उजवा दे," पास्कल म्हणाला.

मी डावाच पुढे केला.

"भानू, डावा झाला तुझा. उजवा दे ना, बाबा."

उजवा हात मांडीवर टॉवेलखाली होता. दार कधीही उघडेल आणि बघणाऱ्याच्या नजरेस आधी तोच पडेल, या भीतीनं मी तो सकाळपासून कशा ना कशाखाली लपवत होतो. वजन करायला उभा राहिलो तेव्हासुद्धा पाठीमागे धरला होता. लोकांना वाटलं, चॅम्पियन रुबाबात उभा आहे.

पुण्यातल्या एका खुल्या नाट्यगृहात रिंगण उभारलं होतं आणि कपडे बदलायला आम्हाला नटांची रंगपटाची खोली दिली होती. भिंतभर आरसा, त्याच्याभोवती दिवे, टेबलावर कुणीतरी विसरलेली दाढी. स्पिरिटचा आणि पावडरचा वास. बाहेर खुर्च्या भरत चालल्या होत्या, त्यांचा खरखराट आत ऐकू येत होता. मी त्या दिव्यांच्या उजेडात बसलो होतो आणि माझ्या उजव्या हाताचं हाड मोडलेलं होतं.

आठवड्यापूर्वी मुंबईत सराव करताना समोरच्या पोरानं ऐन वेळी मान खाली घातली आणि माझा ठोसा त्याच्या टाळूवर बसला. त्याला काही झालं नाही. माझ्या करंगळीच्या आणि अनामिकेच्या मागचं हाड मात्र तडकलं. हाडांच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरून सांगितलं, प्लास्टर घाला आणि दिवाळीपर्यंत मूठ वळायचं नाव काढू नका. मी मान डोलावली, दुखण्याच्या गोळ्या लिहून घेतल्या आणि प्लास्टर न घालताच बाहेर पडलो. हे तिघांना माहीत होतं. मला, लढतीत माझा कोपरा सांभाळणाऱ्या पास्कलला आणि माझ्या बायकोला. इंदूनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, पण बोभाटा केला नव्हता.

बँटम, म्हणजे साडेत्रेपन्न किलोच्या आतला गट. त्या गटाचा पट्टा चार वर्षं माझ्या कमरेला होता. मागच्या लढतीच्या वेळी मला कावीळ झाली म्हणून तारीख एकदा पुढे गेलेली. आता पुन्हा नाही म्हटलं तर पट्टा काढून घेतील, असं बॉक्सिंग मंडळानं तोंडावर सांगितलं होतं. मी चौतिशीला आलेलो. त्या वयात एकदा पट्टा गेला की पुन्हा कुणी बोलावत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. चौदाव्या वर्षापासून मी दुसरं काही शिकलो नव्हतो. पट्टा गेला असता तर मी कोण, हे मला सांगता आलं नसतं. म्हणून मोडका हात घेऊन मी त्या खुर्चीत बसलो होतो.

"त्यांचा माणूस यायच्या आत अर्धी तरी गुंडाळू दे," पास्कल म्हणाला.

"तो आल्याशिवाय बांधता येत नाही. डावा उरकलास तेवढा पुरे. माहीत आहे ना तुला?"

आमच्या धंद्यात तशी रीत आहे. ग्लोव्ह्जच्या आत हाताला कापडी पट्टी गुंडाळतात. ती गुंडाळताना समोरच्या गोटातला एक माणूस तिथं उभा राहून बघतो. पट्टीत कुणी काही लपवू नये म्हणून. त्याचं समाधान झालं की तो पट्टीवर पेनानं सही करतो आणि मगच ग्लोव्ह्ज चढतात. एकदा सही झाली की पट्टी कुणी सोडायची नाही.

समोरचा होता विलास भिंगारदिवे, दौंडचा. त्याच्याकडून त्याचा दाजी येईल अशी आमची खात्री होती. या दाजीची स्टेशनसमोर खानावळ होती आणि त्याला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच भरवशावर मी पास्कलला आठवडाभर एक पट्टी शिकवली होती. दुखऱ्या हाताची पट्टी. साधी पट्टी सरळ मुठीवरून फिरते. ही दोनदा करंगळी आणि अनामिकेच्या मधून जाते, मागे मनगटाशी येते आणि फुटलेल्या हाडाला शेजारच्या हाडाशी बांधून टाकते. बघणाऱ्या माणसाला फरक कळत नाही. कळेल असा माणूस महाराष्ट्रात एकच होता, कारण ती पट्टी त्यानंच शोधून काढली होती.

दार उघडलं आणि तोच माणूस आत आला.

शांतवन मास्तर. रेल्वेच्या लोको शेडमधले फिटर, आता निवृत्त. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि खिशातून लोंबणारी दोरी. त्या दोरीच्या टोकाला कात्री असते, हे मला पाठ होतं. दौंडला चर्चच्या मागे पत्र्याच्या हॉलमध्ये मी त्यांच्या हाताखाली मोठा झालो. पंधरा वर्षं माझ्या दोन्ही हातांना त्यांच्याशिवाय कुणी पट्टी बांधली नाही. त्यांच्या हॉलचा एक नेम होता, ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. पोरगं जिंकलेलं असो की मार खाऊन आलेलं असो, ते मास्तरांपुढे बसायचं, हात पुढे करायचं आणि मास्तर कात्रीनं पट्टी कापायचे. कापता कापता जे काय बोलायचं ते बोलायचे. आमचं सगळं शिक्षण त्या दोन मिनिटांत व्हायचं.

मुंबईत मी पहिली मोठी लढत जिंकलो, तेव्हा एका बड्या माणसानं मला आपल्याकडे बोलावलं. मास्तर म्हणाले, अजून वर्षभर थांब. मी म्हणालो, तुम्हाला माझं बरं बघवत नाही. ते म्हणाले, बस, आधी पट्टी सोडू. मी बसलो नाही. दाढीचं ब्लेड घेऊन सगळ्यांच्या देखत दोन्ही हातांच्या पट्ट्या मीच कापल्या आणि त्यांच्या पायाशी टाकल्या. त्याला आता पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो; विलास त्यांचाच चेला असला तरी ते स्वतः माझ्या खोलीत येतील असं वाटलं नव्हतं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि जरा जास्तच वेळा सांगत असे.

"तुम्ही?" पास्कल म्हणाला. "दाजी येणार होते ना?"

"दाजीचं पोट बिघडलंय. बाहेर लिंबू-सरबत पीत बसलाय." मास्तरांनी माझ्याकडे न बघता खुर्ची ओढली. "चालू दे तुझं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पास्कलला खुणवावं, साधी बांध म्हणावं, तर कसं? साधी बांधली तर पहिल्या ठोशाला हात खलास. दुखऱ्याची बांधली तर शोधून काढणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर! मी पायानं पास्कलच्या बुटावर दाबलं. त्यानं पाय बाजूला घेतला आणि म्हणाला, "सॉरी."

असा माणूस. त्यानं टॉवेल उचलला, हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि पट्टी फिरवायला लागला. सूज गोळ्यांनी उतरली होती, वरून फारसं दिसत नव्हतं. मनगटाला वेढे झाले. अंगठ्याला झाला. मी आरशात मास्तरांकडे बघत होतो. ते पट्टीकडे बघत होते, दुधावर नजर ठेवून बसलेल्या बाईसारखे. पास्कलनं पट्टी करंगळी आणि अनामिकेच्या मधून काढली. मास्तरांची नजर जागच्या जागी थांबली. दुसऱ्यांदा काढली.

"थांब."

पास्कल थांबला.

"कुणी शिकवली ही?"

पास्कलनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या दाढीकडे बघितलं.

"सोड ती," मास्तर म्हणाले.

"का पण? नियमात बसते. चिकटपट्टी बोटांच्या गाठींवर आलेली नाही, जाड नाही..."

"सोड म्हणलं ना."

माझ्या अंगाची लाही झाली. पाच वर्षं थांबला म्हातारा आणि आता बरोबर वेळ साधली, असं मला वाटलं. पट्टी सोडायला लावणार, उघडा हात बघणार आणि बाहेर जाऊन सांगणार. तेवढ्यात दारात मंडळाचा डॉक्टर उभा राहिला. जाडजूड माणूस, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात भज्यांचा पुडा.

"काय, झालं का? काही तक्रार?"

पास्कलच्या हातातून पट्टी सुटून खाली घरंगळत गेली. माझा हात त्याच्या गुडघ्यावर उघडा पडला होता. डॉक्टरनं दोन पावलं पुढे येऊन तो हातात घेतला असता, तरी संपलं होतं. मला बाहेरच्या खुर्च्या ऐकू येईनाशा झाल्या.

मास्तर खाली वाकले. पट्टी उचलली, झटकली. उठताना ते डॉक्टरच्या आणि माझ्या मध्ये उभे राहिले.

"पट्टी सैल बांधलीय," ते म्हणाले. "परत बांधायला लावतोय."

"लवकर आवरा. पब्लिक ओरडतंय." डॉक्टरनं एक भजं तोंडात टाकलं आणि तो गेला.

मास्तरांनी दार लोटलं. पास्कलला हातानं बाजूला केलं आणि त्याच्या जागी बसले. पाच वर्षांनी माझा हात त्यांच्या हातात आला. अंगठ्यानं ते करंगळीच्या मागून दाबत दाबत खाली आले, अगदी सावकाश. एका जागी माझा श्वास अडकला.

"इथं?"

मी मान डोलावली.

"खेळणार?"

"खेळणार."

"बरं."

एवढंच. मग ते स्वतः पट्टी बांधायला लागले. समोरच्या गोटातला माणूस माझ्या हाताला पट्टी बांधत होता, आणि पास्कल तोंड उघडं टाकून बघत होता. मनगटाला त्यांनी पास्कलपेक्षा दुप्पट वेढे दिले. बोटांमधून पट्टी काढायच्या आधी म्हणाले, "मूठ अर्धी वळ." मी वळली. "एवढीच ठेव. हलवू नको." आणि त्या अर्ध्या वळलेल्या मुठीवरून त्यांनी दोन्ही वेढे ओढून घेतले. कळ थेट काखेपर्यंत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आरशाकडे तोंड फिरवलं, तर तिथंही मीच.

बांधून झाल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, आधी डावी पट्टी चाचपून तिच्यावर आणि मग स्वतःच्याच पट्टीवर सही केली आणि उठले.

"मास्तर," मी म्हणालो, "विल्याला सांगणार?"

"ग्लोव्ह्ज घाल," ते म्हणाले आणि निघून गेले.

दार लागल्याबरोबर पास्कलला कंठ फुटला. "भानू, हे काय झालं? त्यानं मुद्दाम वाकडी बांधली असली तर? मूठ अर्धी वळून कोण पट्टी बांधतो? तू मला असं नव्हतं शिकवलं."

मी नव्हतं शिकवलं, हे खरं होतं. मला आठवलंच नव्हतं की असं काही करायचं असतं. म्हणजे दोनच शक्यता होत्या. एक तर मी विसरलो होतो, नाही तर म्हातारा मला खड्ड्यात घालत होता.

"सोडू? घाईघाईत परत बांधतो."

"सही झालीय, पास्कल."

"मग काय करायचं?"

"घाल ग्लोव्ह्ज."

---

पहिल्या फेरीत मी विल्याचे पाय बघत होतो. ठोसे नंतर. माझा उजवा ठोसा हा माझ्या नावाचा अर्धा भाग होता. त्याला भिणारा माणूस नेहमी माझ्या डाव्या बाजूला सरकत राहतो, उजव्यापासून लांब. विल्याला जर सांगितलेलं असेल, तर तो बिनधास्त उजवीकडून आत येईल. त्याचे पाय मला सगळं सांगणार होते.

विल्या डावीकडे सरकला. पुन्हा डावीकडे. दुसऱ्या फेरीतही डावीकडेच. त्याला माहीत नव्हतं.

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी जास्तच चक्रावलो. म्हाताऱ्यानं सांगितलं नाही, तर का नाही? पुढच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवलंय का? मी डाव्या हातावर खेळत राहिलो. डाव्यानं टोचायचं, मागे यायचं, पुन्हा टोचायचं. पब्लिक कंटाळलं. कुणीतरी ओरडलं, "चॅम्पियन, उजवा हात घरी ठेवून आलास काय?" लोक हसले. विल्याही ऐकत होता.

विल्या बावीस वर्षांचा होता. हात लांब, पोटऱ्या हरणासारख्या. मी हॉल सोडला तेव्हा तो नुकताच आला होता आणि मला 'भानूदादा' म्हणून पाणी आणून द्यायचा. आता तो माझ्या बरगड्या मोजत होता. चौथ्या फेरीत माझी डावी भुवई फुटली. पाचवीत त्याचा एक ठोसा काळजाखाली बसला आणि रिंगणाच्या दोऱ्या मला पाठीला कधी लागल्या ते कळलं नाही.

"पाचही फेऱ्या त्याच्या," पास्कल भुवईला बर्फ लावत म्हणाला. "उजवा सोड. नाही तर हार तरी मान."

समोरच्या कोपऱ्यात मास्तर विल्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होते. विल्यानं मान हलवली आणि माझ्या उजव्या हाताकडे बघितलं.

"सांगितलं म्हाताऱ्यानं," पास्कल म्हणाला. "बघ, बघ तो कसा बघतोय."

सहाव्या फेरीची घंटा झाली आणि विल्या उजवीकडून आत आला. सरळ, भीड न ठेवता. त्याला कळलं होतं, मग ते मास्तरांकडून असो की त्याच्या स्वतःच्या डोक्यानं. पाच फेऱ्या ज्याचा उजवा आला नाही त्याच्याकडे उजवा नाही, एवढं कुणालाही कळलं असतं. पण त्या क्षणी मला मास्तरांशिवाय कुणी दिसत नव्हतं. मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्यात दोन फेऱ्या गेल्या. विल्यानं मला रिंगणभर फिरवला.

आठवीत मी दोऱ्यांशी अडकलो. विल्या समोर, हात खाली, माझ्या उजव्या बाजूला उघडा. इतका उघडा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. हात मोडेल, मोडेल, असं डोकं ओरडत होतं. पण दुसरंही काहीतरी होतं. या हाताला पट्टी कुणी बांधली आहे, हे हाताला कळत होतं. कसं सांगू? मनगटापासून बोटापर्यंत कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. मूठ पूर्ण वळली आणि मला समजलं, अर्धी वळून का बांधायची ते. उघड्या हातावर बांधलेली पट्टी मूठ वळली की हाडाला ढकलते. ही पट्टी मूठ वळल्यावर आवळून बसली. तुटलेला तुकडा जिथल्या तिथं दाबून.

मी उजवा सोडला.

तो विल्याच्या बरगडीवर बसला. कळ आली, डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण हात शाबूत होता. विल्या दचकला. मेलेलं जनावर उठून बसावं तसा त्याचा चेहरा झाला. मी दुसऱ्यांदा सोडला, हनुवटीवर.

विल्या बसला. एकदम, मांडी घालून पंगतीला बसतात तसा. रेफरीनं मोजायला सुरुवात केली. सातला तो एका गुडघ्यावर आला, नऊला हात टेकून उठायला गेला आणि कलंडला.

नाट्यगृह डोक्यावर घेतलं लोकांनी. रेफरीनं माझा हात धरून वर केला आणि नेमका उजवाच धरला. मी किंचाळलो. पेपरवाल्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, चॅम्पियनची विजयी गर्जना.

---

खोलीत आल्यावर पास्कलनं ग्लोव्ह्ज काढले, डावी पट्टी कापली आणि कात्री उजवीकडे वळवली.

"ही नको," मी म्हणालो.

"सूज चढतेय, भानू. बोटं बघ, काळी पडतायत."

"पडू दे. ज्यानं बांधली तो सोडेल."

"तो? तो त्याच्या हरलेल्या पोराजवळ बसला असेल. तो इथं कशाला येईल?"

मला माहीत नव्हतं तो कशाला येईल. तरी मी हात मांडीवर घेऊन बसून राहिलो. पट्टा टेबलावर त्या दाढीशेजारी पडला होता. ज्याच्यासाठी एवढं केलं त्याच्याकडे माझं लक्षसुद्धा जात नव्हतं.

दार वाजलं. विल्या होता. हनुवटीला सूज, अंगावर टॉवेल, हातांच्या पट्ट्या तशाच. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या खोलीत जाऊन यायचं, हेही मास्तरांच्याच हॉलमधलं शिक्षण.

"चांगलं खेळलात, भानूदादा," तो म्हणाला. वाकून माझ्या पाया पडला. "तुमचा उजवा येईना तेव्हा मास्तर म्हणाले, उजव्याला विसरू नको, त्याच्यापासून लांबच राहा. माझंच चुकलं. मी ऐकलं नाही."

पास्कलनं मान खाली घातली.

विल्यानं हस्तांदोलनासाठी माझा उजवा हात हातात घेतला आणि तो थबकला. त्याची नजर करंगळीशी गेली. दोन वेढे. मनगटाशी दुप्पट जाडी. दौंडच्या हॉलमध्ये त्याच्याही हाताला कधीतरी ही पट्टी बसली असणार.

"ही दुखऱ्या हाताची आहे."

"हो," मी म्हणालो.

"कुणी बांधली?"

"मी," पास्कल म्हणाला.

"तुम्ही?" विल्या त्याच्याकडे वळला. "कशी बांधतात? मूठ उघडी ठेवून की मिटून?"

"उघडी," पास्कल म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, आपण मला वाचवतोय.

विल्यानं माझा हात परत मांडीवर ठेवला, हळूच, दुखणार नाही असा. "ही अर्ध्या मुठीवर बांधलीय, मास्तरांच्याच हातची. म्हणजे हात आधीच मोडला होता. आणि मास्तरांना माहीत होतं."

तो विचारत नव्हता. तो आल्या पावली निघून गेला आणि जाताना दार नीट लावून गेला. त्यानं ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मास्तर आले ते बऱ्याच वेळानं. मंडळाच्या कागदांवर सह्या करायला त्यांना अडकवून ठेवलं होतं. आल्या आल्या माझ्यासमोर बसले, दोरी ओढून खिशातली कात्री काढली.

"हात."

मी दिला. कात्रीचं गार पातं मनगटाला लागलं आणि मला, चौतीस वर्षांच्या माणसाला, रडू फुटलं. मी ते अडवलं नाही.

"का केलंत?" मी विचारलं.

"काय?"

"हे. विल्याला का नाही सांगितलंत? डॉक्टरला का नाही सांगितलंत?"

"मला पट्टी बघायला पाठवलं होतं," ते कापता कापता म्हणाले. "हात बघायला नाही."

"पण बांधायला तर नव्हतं पाठवलं."

"चुकीची बांधत होता तो. माझी पट्टी कुणी चुकीची बांधलेली मला बघवत नाही." त्यांनी आणखी एक वेढा कापला. "आणि विल्यानं तुला हरवावं असं मला लई वाटत होतं, भान्या. पण दोन हातांच्या भान्याला. उद्या जाऊन प्लास्टर घाल. आणि हा हात आता खेळायला वापरू नको. संपला तो."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. ती माझी शेवटची लढत. पुढं पट्टा मी आपण होऊन परत केला.

"मास्तर, विल्या येऊन गेला."

"येणारच. मीच म्हणलं होतं, जाऊन ये."

"त्यानं पट्टी पाहिली."

कात्री थांबली. फक्त शेवटचा वेढा राहिला होता. मास्तरांनी तो कापला, मोकळा हात माझ्या मांडीवर ठेवला आणि उठले. मी त्यांच्या मागोमाग गेलो. रंगमंचामागचा तो बोळ, पलीकडे विल्याची खोली. दार सताड उघडं होतं. दाजी एकटाच पिशवी भरत होता.

"गेला," दाजी म्हणाला. "कुणाशी बोलला नाही. माझ्या पिशवीतलं ब्लेड घेतलं आणि..."

त्यानं जमिनीकडे हात केला. खुर्चीच्या पायाशी दोन्ही हातांच्या पट्ट्या पडल्या होत्या, उभ्या चिरलेल्या. एकीवर थोडं रक्त. घाईत ब्लेड लागलं असणार.

मास्तर गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि एक पट्टी उचलून गुंडाळायला लागले, सरावाच्या पट्ट्या धुऊन हॉलमध्ये गुंडाळत तशी. कापलेली पट्टी काही कामाची नसते. तरी गुंडाळत होते. मी शेजारी बसलो आणि डाव्या हातानं दुसरी गुंडाळायला घेतली. ती काही नीट गुंडाळली जाईना. मास्तरांनी माझ्या हातातून घेतली.

"येईल तो," ते म्हणाले. "राग उतरला की येतात पोरं. तूही आलास ना?"

"मी कुठं आलो, मास्तर?" मी म्हणालो. "पाच वर्षं मी आलो नाही. तुम्ही आलात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच, सरळ डोळ्यांत.

"हां," ते म्हणाले. "मीच आलो."

दोन्ही पट्ट्यांची गुंडाळी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली, पेनाच्या शेजारी. मग खुर्चीला धरून उठले आणि दाजीला विचारलं, "कुठल्या दारानं गेला?"